उजेडाची फरशी

"आबा, दोर मधेच तुटला तर चूक कुणाची? चाक फिरवणाऱ्याची, की पलीकडचं टोक धरणाऱ्याची?"

लिंबाजी आबांनी मान वर केली नाही. ते चाकाच्या लोखंडी आकड्यात सुतळीचे चार पदर अडकवत होते.

"आधी हे धर," ते म्हणाले, आणि पदरांचं दुसरं टोक बांधलेलं लाकडी दांडकं त्यांनी प्रणीतच्या हातात दिलं. "जा तिकडं, पदर ताठ हुईस्तवर."

पानवडी गावात हा रिवाजच पडून गेला होता. आबांना काही विचारायला आलेल्या माणसाने आधी दोराचं टोक धरायचं. मग लग्न जमत नसो, भावाशी वाकडं आलेलं असो, नाहीतर नुसतंच मन लागत नसो. आबांना ना मठ होता, ना भगवी वस्त्रं. चिंचेखाली एक दोर वळायचं चाक, अंगात बंडी आणि ऐंशीच्या पुढचं वय, एवढाच त्यांचा थाट. तरी चार गावांतली माणसं आपापला गुंता घेऊन त्यांच्याकडे यायची.

गावातले टवाळ म्हणत, म्हाताऱ्याला पलीकडे धरायला फुकटात माणूस मिळावा म्हणून ही सगळी बुवाबाजी. आबांच्या कानावर ते गेलं, तेव्हा 'खरंच हाय की,' म्हणून ते मोकळे झाले होते.

प्रणीत टोक घेऊन मागे मागे गेला. चाळीस पावलांवर पदर ताठ झाले. तिथे एक चपटा दगड जमिनीत बसला होता, त्यावर तो पाय रोवून उभा राहिला.

खरं तर त्याने जे विचारलं तो प्रश्न नव्हताच. त्याला निकाल हवा होता, आणि तोही आपल्या बाजूचा.

हा प्रणीत सत्तावीस वर्षांचा. पुण्यात राहायचा, व्हिडिओ गेममधली अवघड कोडी सोडवायचा आणि ती कशी सोडवली त्याचे व्हिडिओ करायचा. हजारो लोक ते बघत. एखाद्या कोड्यापाशी तो अडला, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. अडलेला भाग तो कापून टाकत असे.

आणि चाक फिरवणारा म्हणजे त्याचे वडील, उत्तम अण्णा. डेपोत बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. अण्णा गावात कुणाचं ऐकत नसत, एक आबा सोडून. म्हणून आबांकडून निकाल घ्यायचा आणि तो अण्णांपुढे ठेवायचा, असा प्रणीतचा सरळ हिशेब होता.

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती होती तोवर बापलेकांचं बोलणं तिच्यामार्फत चालायचं. ती गेली आणि फोनवर दोनच वाक्यं उरली. जेवलास का... आणि बरं, ठेवतो.

शेवटी प्रणीतनेच डोकं चालवलं. गेमचं एक यंत्र त्याने गावच्या घरी आणून टीव्हीला जोडलं आणि अण्णांना शिकवलं. पाना धरून जाड झालेले त्यांचे अंगठे एकाच वेळी दोन बटणं दाबायचे. पहिले आठ दिवस पडद्यावरचा अण्णांचा माणूस नुसता भिंतीवर आपटत होता. पण अण्णा चिवट. महिन्याभरात ते चालू लागले, दोन महिन्यांत धावू लागले.

मग दर रविवारी सकाळी दहाला लेक पुण्यात आणि बाप पानवडीत, दोघे कानाला हेडफोन लावून बसायचे. गेममध्ये लेकाचा निळ्या आणि बापाचा तपकिरी अंगरख्यातला, अशी दोन माणसं पाताळातल्या वाटा तुडवत असायची. आणि त्या वाटांवर अण्णा बोलायचे. शेजारच्या म्हशीबद्दल, मोडलेल्या दाढेबद्दल. एकदा तर, तुझी आई स्वप्नात आली होती, हे त्यांनी एका राक्षसाला चुकवता चुकवता सांगून टाकलं. समोरासमोर बसून त्यांनी ते जन्मात सांगितलं नसतं. प्रणीतने त्या राक्षसाशी झुंज मुद्दाम लांबवली होती.

असे सहा महिने सुखात गेले आणि मग चाकाचं भुयार आलं.

लांबच लांब दगडी दालन. एका टोकाला पुरुषभर उंचीचं चाक, आणि त्यापलीकडे बंद दार. चाकापासून निघालेला एक जाड दोर थेट दुसऱ्या टोकापर्यंत. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने दोराचं टोक धरायचं. दोराला पीळ बसत जाई तसतसं दार वर उचललं जाई.

टोक धरायच्या जागी एक फरशी होती. तिच्यावर पाय ठेवला की ती उजळायची आणि दालनातले सगळे दिवे लागायचे. पाय काढला की अंधार.

प्रणीतने एका नजरेत ओळखलं. फरशी उजळली म्हणजे तीच आपली जागा, ती सोडायची नाही. इतकी वर्षं गेम खेळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्याने अण्णांना चाकावर पाठवलं. तुम्ही फक्त फिरवा, डोकं मी लावतो, असंही सांगून ठेवलं.

दार अर्ध्याच्या वर गेलं, आणि काडकन दोर तुटला. दोघेही दालनाखालच्या पाण्यात पडले.

पुन्हा. पुन्हा. तीन रविवारांत एक्केचाळीस वेळा. अण्णांनी जोरात फिरवलं तर प्रणीत म्हणे हळू, हळू फिरवलं तर म्हणे एकसारखं. एकसारखं फिरवलं तरी दोर तुटतच होता. एक्केचाळिसाव्या वेळी प्रणीतचा तोल सुटला.

"अण्णा, तुमच्याच्यानं हे व्हायचं नाही. मी हवं तर दुसरा कुणी पार्टनर बघतो."

हेडफोनमध्ये कंट्रोलर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," अण्णा म्हणाले, आणि तपकिरी अंगरखा पडद्यावरून नाहीसा झाला.

त्यानंतर तीन रविवार गेले. अण्णा आले नाहीत. चौथ्याच्या आदल्या संध्याकाळी प्रणीत न कळवता गावी आला. अण्णांनी चहा टाकला, पिठलं केलं, पुण्यात पाऊसपाणी कसं आहे ते विचारलं. गेमचा शब्द काढला नाही. कंट्रोलर फडताळात होता, धुतलेल्या रुमालात नीट गुंडाळलेला, आईच्या चष्म्याशेजारी.

ते पाहून प्रणीतला माफी मागावीशी वाटली. पण माफी मागायची तर आधी चूक आपली आहे असं वाटायला हवं ना. ते काही त्याला वाटेना. सकाळी अण्णा अंघोळीला बसले तेवढ्यात तो घरातून निसटला आणि आबांच्या चिंचेखाली येऊन पोचला.

"धरलंस?" पलीकडून आबांनी विचारलं.

"धरलं."

आबांनी चाकाचा दांडा फिरवायला सुरुवात केली. चाक कुरकुरलं. चार पदर एकमेकांना बिलगू लागले. प्रणीतला हातात ओढ जाणवली, तशी त्याने टाच दगडावर आणखी घट्ट रोवली. ओढ वाढली. त्याने दात आवळले. जागचं हलणाऱ्यांतला तो नव्हता.

फट्...

पदर तुटले आणि प्रणीत धुळीत बसला. जवळ दाणे टिपणारी कोंबडी ओरडत पळाली.

"आबा, तुम्ही जोरात फिरवलंत," कपडे झटकत तो म्हणाला.

"असंल," आबा म्हणाले. त्यांनी तुटलेले पदर बाजूला ठेवले आणि नवे चार आकड्यात अडकवले.

दुसऱ्या खेपेला आबांनी इतकं हळू फिरवलं की चाक चाललंय का झोपलंय ते कळू नये. प्रणीत दगडावर खांबासारखा उभा. ओढ या वेळी सावकाश आली, पण आलीच. दंड थरथरायला लागले. दोर जरा उशिरा तुटला, एवढाच काय तो फरक. प्रणीत पुन्हा धुळीत.

"आता फारच हळू फिरवलंत. एकसारखं फिरवा ना..."

बोलता बोलता तो थांबला. हेच शब्द, याच सुरात, तो कुणाला तरी बोलला होता. कुणाला ते आठवायला त्याला फार वेळ लागला नाही.

आबा नवे पदर लावत होते. चिडले नव्हते, हसतही नव्हते. जणू दोर तुटणं हे दोर वळण्यातलंच एक काम असावं.

"आबा..." प्रणीतचा आवाज खाली आला होता. "माझं काय चुकतंय?"

सकाळपासून त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. आबांनी हनुवटीने जमिनीकडे खूण केली.

प्रणीतने खाली पाहिलं. चपट्या दगडापासून चाकाच्या दिशेने जमिनीवर एक पट्टा होता. दोन्हीकडे गवत आणि मधे वीतभर रुंदीची गुळगुळीत, कडक माती. त्याला वाटलं होतं कोंबड्यांची वाट असेल. पण कोंबड्या एवढ्या सरळ चालत नाहीत. पट्टा बारा-तेरा पावलं जात होता आणि तिथे संपत होता. पुढे चाकापर्यंत गवतच.

अनवाणी पायांनी, कित्येक वर्षं, पुन्हा पुन्हा चालून पडलेली ती वाट होती.

त्याने टोक उचललं. आबांनी चाक फिरवलं. ओढ आली आणि प्रणीतने दगडावरून पाय काढला.

पहिल्या खेपेला तो जरा जास्तच शहाणपणाने भराभर पुढे गेला. दोर सैल पडला आणि जागोजागी स्वतःभोवतीच वेटोळी घालून बसला. आबांनी चाक थांबवलं, येऊन एकेक वेटोळं सोडवलं आणि परत जाऊन बसले. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचा आवाज प्रणीतला ऐकू आला. त्याला लाज वाटली.

नंतरच्या खेपेला मात्र तो दोराचं मानू लागला. दोर ओढेल तेव्हा अर्धं पाऊल. ओढ थांबली की थांबायचं. टोक सोडायचं नाही, ताठ धरायचं, आणि तरी पुढे जायचं. पिळाबरोबर दोर आखूड होत होता आणि जेवढा आखूड होईल तेवढं त्याचं पाऊल पडत होतं. पाय आपोआप त्या गुळगुळीत पट्ट्यावर येत होते. तळव्यांना माती थंड लागत होती. चपला कधी काढल्या ते त्याला आठवेना.

आणि चालता चालता त्याला हेडफोनमधला आवाज आठवला.

'पुढं ये की जरा...'

पहिल्याच रविवारी अण्णा म्हणाले होते. दुसऱ्या रविवारीही. 'प्रणीत, पुढं ये, पुढं ये.' त्याला वाटलं होतं, अण्णांना गेमचं काय कळतंय. अण्णा, मधे बोलू नका, माझं लक्ष जातं, असं त्यानेच सांगितलं होतं. मग अण्णा बोलले नव्हते. एक्केचाळिसाव्या वेळेपर्यंत मुकाट चाक फिरवत राहिले होते.

पट्टा संपला तिथे प्रणीतचे पाय थांबले. चाकही तिथेच थांबलं. दोघांच्या मधे दोर ताठ, एकसारखा, कुठे गाठ नाही की वेटोळं नाही.

"ही वाट कुणाच्या पायांची, आबा?"

"लई जणांच्या. पर जास्ती तुझ्या बापाच्या." आबांनी आकड्यातून दोर काढला. "सात वरसं. शाळा सुटली की यायचा. चाकावर मी अन् त्या टोकाला उत्तम. असं ताठ धरून यायचा पोरगा... दोराला कवा हिसका बसला न्हाय."

प्रणीतला एवढंच ठाऊक होतं की अण्णा लहानपणी कुठेसे दोर वळायला जायचे. आईने कधीतरी सांगितलं असेल. त्याने पुढे विचारलं नव्हतं.

त्याच्या मनात तेवढ्यातही गेमचं कोडं उलगडून उभं राहिलं. फरशी सोडायची. दिवे गेले तर जाऊ द्यायचे. अंधारात टोक ताठ धरून, दोर ओढेल तसं चाकाकडे जायचं. दार उघडणार, नक्की उघडणार. सवयीने त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"कुणाला लावतोस?"

"अण्णांना. कोडं सुटलं, सांगतो."

"कुणी सोडवलं म्हणून सांगशील?"

प्रणीतने फोन पुन्हा खिशात ठेवला...

त्याने दांडकं जमिनीवर टेकवलं. मग त्याने जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. अण्णा परत येतील का? तीन रविवार झाले. मी फार वाईट बोललो. त्यांनी कायमचं सोडलं असेल तर?

आबांनी बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली, उघडली, पुन्हा बंद केली.

"तीन रविवार तो हितं येतोय," ते म्हणाले. "दहाच्या टायमाला."

"इथं? कशाला?"

आबांनी चपट्या दगडामागे बोट दाखवलं. तिथे जमिनीत एक लाकडी खुंटा ठोकलेला होता. त्याला तुटक्या सुतळीची टोकं लोंबत होती.

"टोक त्या खुंट्याला बांधतो अन् चाकावर बसतो. फिरवत ऱ्हातो, तुटंस्तवर. तुटलं की पुन्यांदा बांधतो. मी म्हणलं, उत्तम, खुंटा काय पुढं येत न्हाय रं. तर म्हणतो, ते ठावं हाय आबा. पर पोराला त्याची जागा सोडायची न्हाय. मग दोर तुटू न देता फिरवायला मलाच आलं पायजे की."

प्रणीत खाली बसला.

हे होणारं नव्हतं. सात वर्षं दोर वळलेल्या माणसाला ते कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असणार. उभ्या खुंट्याशी बांधलेला दोर न तुटता वळणारं चाक जगात नाही. तरी साठीचा बाप तीन रविवार ते शिकत बसला होता. लेकाला पाऊलभरही हलावं लागू नये म्हणून.

प्रणीतने डोळ्यांवर हात दाबून धरले. आबा त्याच्याकडे न बघता पदर मोजत राहिले. रडणाऱ्याला जरा जागा द्यावी, एवढं त्यांना कळत होतं.

वेशीकडून वहाणांचा आवाज आला. अण्णा येत होते. खांद्यावर सुतळीची लड होती. चिंचेखाली लेक बसलेला पाहून ते थबकले; त्यांनी एकदा खुंट्याकडे आणि एकदा आबांकडे पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

"तू हितं व्हय? मी घरात बघितलं..." मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "टोपी घालायची न्हाईस का. ऊन चढतंय."

आबा चाकावरून उठले. त्यांनी जागा रिकामी केली. अण्णा क्षणभर घुटमळले, मग वहाणा काढून चाकावर बसले आणि पदर आकड्यात अडकवू लागले. बोटं जाड होती, पण गाठ एका झटक्यात बसली.

प्रणीतने दांडकं उचललं आणि चाळीस पावलं मागे जाऊन दगडावर उभा राहिला.

"अण्णा," तिथून तो म्हणाला, "गेममधली ती फरशी मी सोडतो."

दांड्यावरचा अण्णांचा हात थांबला.

"दिवं जातील की."

"जाऊ द्या."

 अण्णांनी उपरण्याने उगीचच तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मग चाक कुरकुरलं.

आबा काठी टेकत प्रणीतच्या बाजूला येऊन उभे होते. दोरात पीळ भरत चालला होता. हातात पहिली ओढ आली, ओळखीची, हळुवार. प्रणीतने पाय उचलला आणि अण्णांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

"आबा, पण गेममधल्या अंधारात नेमकी किती पावलं पुढं जायचं?"

आबा चाकाकडे बघत होते...

"बाप चाक फिरवतोय तवर."